पोकरमध्ये नशीब किती आणि कौशल्य किती?

मुक्तछंद

नमस्कार मंडळी. पत्त्यांच्या खेळांवर इथे धागे आहेत, पण पोकरवर एकही सापडला नाही म्हणून काढतोय.

गेले काही महिने खोट्या चिप्सवर, म्हणजे पैसे न लावता, टेक्सास होल्डम हा पोकरचा प्रकार खेळतोय. आमच्या गटात एक वाद कायमचा पेटलेला असतो. एक मित्र म्हणतो, ही लॉटरीच, फक्त तिकीट हातात धरून तासन् तास बसायचं. दुसरा म्हणतो ८० टक्के कौशल्य, २० टक्के नशीब. हा आकडा कुठून आणला विचारलं की उत्तर येतं, "सगळे असंच म्हणतात." मला दोघांचंही पटत नाही. मोठ्या स्पर्धांच्या शेवटच्या टेबलावर तीच तीच नावं दिसतात, हे खरं. आणि हातात दोन एक्के असताना सगळं लावावं आणि समोरच्याने सत्ती-दुर्रीवर ढीग उचलून न्यावा, हेही खरं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाला दोन बंद पत्ते, मग टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच उघडे पत्ते. आधी तीन एकदम, तो फ्लॉप. मग एक, तो टर्न. मग शेवटचा रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर पैज लागते, झेपत नसेल तर पत्ते टाकायचे. शेवटी सातांतून उत्तम पाच.

जाणकारांनी लिहावं.

अर्धविराम

वाचतोय. चहा घेऊन बसलो आहे.

गणितवेडा

प्रश्नातच मेख आहे. "किती टक्के" विचारताना "किती डावांनंतर" आणि "कोणाविरुद्ध" हे आधी सांगावं लागतं, नाहीतर ८०-२० काय आणि ५०-५० काय, सगळंच हवेत.

एक डाव घ्या. दोघं ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स मध्ये, एकाकडे एक्क्यांची जोडी, दुसऱ्याकडे राजांची, टेबल अजून कोरं. एक्के शंभरात साधारण ८२ वेळा जिंकतात, राजे १८ वेळा. पैसे मध्ये गेल्यावर ठरवायला काहीच उरत नाही, तिथून पुढे निव्वळ नशीब. खेळणारा जगज्जेता असो की काल शिकलेला.

आता लांबचं बघा. सहा जणांच्या नो-लिमिट, म्हणजे पैजेला कमाल मर्यादा नसलेल्या, टेबलावर एखादा दर १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधीच लावावी लागणारी ठरलेली पैज) कमावतो असं धरू. ही उत्तम कमाई समजली जाते. पण त्याच १०० डावांचं प्रमाण विचलन ९० बिग ब्लाइंडच्या आसपास असतं. कमाई ५, हेलकावे ९०. डाव वाढले की कमाई त्याच प्रमाणात वाढते, हेलकावे फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यावरून हिशेब केला तर हा चांगला खेळाडू १,००० डावांनंतर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के येते. १०,००० डावांनंतर २९ टक्के. १,००,००० डावांनंतर ४ टक्के.

खेळ तोच, माणूस तोच, उत्तरं तीन. तुमचे दोन्ही मित्र वेगवेगळ्या लांबीच्या खेळाबद्दल बोलत आहेत.

कडू_कारले

छान. आता हे लाख डाव कोण खेळतंय तेही सांगा. प्रत्यक्ष टेबलावर तासाला फार तर ३० डाव होतात. आठवड्यातून एक रात्र चार तास बसणाऱ्याचे लाख डाव व्हायला सोळा वर्षं लागतील. तोवर टेबलावरची माणसं बदललेली असतील आणि तो स्वतःही तो राहिलेला नसेल. "लांब पल्ल्यात कौशल्य" हे ज्याच्या वाट्याला लांब पल्ला येतो त्याचं सत्य. बाकीच्यांसाठी मुक्तछंदांचा लॉटरीवाला मित्रच बरोबर.

गणितवेडा

ऑनलाइन एकाच वेळी चार-सहा टेबलांवर बसणारे लाख डाव काही महिन्यांत उरकतात.

कडू_कारले

आणि ते तुमच्या-माझ्यासारख्यांकडूनच कमावतात. मुद्दा तोच राहिला.

किलवर_राणी

मी बरीच वर्षं खेळले, आता कमी. गणितवेडा यांचं गणित बरोबर आहे, पण त्यातून असं वाटतं की कौशल्य म्हणजे कुठेतरी दूर धुक्यात दिसणारी सरासरी. टेबलावर तसं नसतं. कौशल्य त्याच डावात असतं, दिसत मात्र नाही. एक उदाहरण देते.

पॉटमध्ये, म्हणजे पैजांच्या ढिगात, १०० चिप्स. माझ्याकडे बदामाचे दोन, टेबलावर बदामाचे दोन. आणखी एक बदाम आला की फ्लश, म्हणजे एकाच रंगाचे पाच पत्ते. समोरचा फ्लॉपवरच त्याच्या उरलेल्या ५० चिप्स लावून ऑल-इन जातो. मला ५० भरून १५० मिळवायचे आहेत, म्हणजे चारांत एकदा तरी जिंकायला हवं. दोन पत्ते यायचे आहेत, बदाम लागण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. डोळे मिटून कॉल, म्हणजे तेवढीच रक्कम भरून डावात राहायचं.

आता तेच पत्ते, तोच १०० चा पॉट, तीच ५० ची पैज, पण टर्नवर. एकच पत्ता उरला. न दिसलेले ४६, त्यांत बदाम ९. शक्यता १९.६ टक्के, हवी होती २५. हा कॉल केला की दर वेळी सरासरी ११ चिप्स टेबलावर सोडून यायचं. तरीही पाचांत एकदा बदाम येतो, पॉट मिळतो, आणि माणूस तोच एक डाव लक्षात ठेवतो. नवशिक्यांना टर्नवर हा कॉल करताना पाहिलं की मला त्यांचा खेळ कळतो. बदाम आला की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

टर्ननंतरही पुढे आणखी पैसे काढता येणार असतील तर हिशेब बदलतो, ते सध्या बाजूला ठेवते.

कोरा_कागद

किलवर_राणी, हे पहिल्यांदाच कोणी मला कळेल असं सांगितलं. एक विचारू का? मग ब्लफ कुठे बसतो यात? सिनेमात तर सगळं ब्लफवरच चालतं. चेहरा वाचणं वगैरे.

किलवर_राणी

चेहऱ्यावरून फार थोडं मिळतं. मिळतं ते पैज लावण्याच्या पद्धतीतून. ब्लफचं सांगायचं तर त्यातही सरळ हिशेब आहे. पॉट १०० आणि मी १०० लावले, तर समोरच्याला तीनांत एकदा जिंकलं तरी पुरतं. म्हणून रिव्हरवर अशी पैज लावताना माझ्या तीन पैजांपैकी साधारण एक खोटी असेल, तर त्याने कॉल केलं काय आणि टाकलं काय, त्याला फरक पडत नाही. त्याहून कमी ब्लफ केले तर तो निवांत पत्ते टाकतो. जास्त केले तर निवांत कॉल करतो.

गणितवेडा

याला भर घालतो. ब्लफ हा बेरकी माणसाचा स्वभाव आहे, असा समज होता. जॉन फॉन नॉयमन यांनी पोकरचं अगदी साधं गणिती रूप सोडवून दाखवलं की ब्लफ हा उत्तम खेळाचा अटळ भाग आहे, आणि तो मधल्या पत्त्यांवर न करता सगळ्यात टाकाऊ पत्त्यांवर करायचा. मधल्या पत्त्यांना शोडाउनमध्ये, म्हणजे शेवटी पत्ते उघडताना, थोडी तरी किंमत असते, टाकाऊंना नसते.

गंमत अशी की यात नशीब मुद्दाम आत आणावं लागतं. कोणत्या डावात ब्लफ करायचा हे ठरलेलं असेल तर समोरचा ते ओळखेल. म्हणून काही खेळाडू मनातल्या मनात पत्त्याच्या रंगावरून किंवा घड्याळाच्या सेकंदकाट्यावरून ठरवतात.

बुद्धिबळ्या

मी बुद्धिबळवाला, त्यामुळे थोडा पूर्वग्रह आहे असं समजा. माझी कसोटी सोपी आहे. नवशिका आणि जगज्जेता समोरासमोर बसवा. बुद्धिबळात नवशिका शंभर डावांत शंभर हरेल. पोकरमध्ये एका संध्याकाळी तो जिंकून घरी जाऊ शकतो. ज्या खेळात हे होतं त्याला कौशल्याचा खेळ म्हणणं मला जड जातं.

गणितवेडा

उलटी कसोटी लावून बघा. मुद्दाम हरायचं ठरवलं तर हरता येतं का? एका आकड्यावर रूलेट खेळताना मुद्दाम हरता येत नाही, आकडा लागायचा तर लागतो. पोकरमध्ये मला आज हरायचंच असेल तर खात्रीने हरू शकतो.

कडू_कारले

ही कसोटी सगळीकडे फिरते आणि कोणी तपासत नाही. मुद्दाम हरता येतं यावरून एवढंच कळतं की निर्णयाने नुकसान करता येतं. वर किती चढता येतं ते त्यातून कळत नाही. एखाद्या खेळात पंधरा मिनिटांत शिकता येईल अशी एकच शहाणी चाल असेल आणि बाकी सगळा फासा, तरी त्यातही मुद्दाम हरता येईलच.

बुद्धिबळ्या

कडू_कारले +१.

किलवर_राणी

बुद्धिबळ्या, तुमच्या कसोटीतच पोकर का टिकला त्याचं उत्तर आहे. बुद्धिबळात कमजोर खेळाडू लगेच ओळखतो की आपण कमजोर आहोत, आणि पैसे लावून तो दुसऱ्यांदा बसत नाही. पोकरमध्ये तो अधूनमधून जिंकतो. हरला तर पत्त्यांना शिव्या देतो, जिंकला तर स्वतःची पाठ थोपटतो. म्हणून तो परत येतो. चांगल्या खेळाडूचं उत्पन्न कौशल्यातून येतं, पण ते चालू राहतं नशिबामुळे. नशीब काढून टाका, महिन्याभरात टेबलं ओस पडतील.

अर्धविराम

हे आवडलं.

अवांतर: अमेरिकेत यावर कोर्टबाजीही झाली आहे. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात न्यायमूर्ती जॅक वाइनस्टाइन यांनी डिक्रिस्टिना खटल्यात निकाल दिला की पोकरमध्ये कौशल्याचं पारडं जड आहे, त्यामुळे त्या विशिष्ट जुगारविरोधी कायद्यात तो बसत नाही. २०१३ मध्ये अपिलात निकाल फिरला. वरच्या कोर्टाने कौशल्याचा मुद्दा खोडला नाही. त्यांचं म्हणणं, त्या कायद्यासाठी तो प्रश्न विचारायचीच गरज नाही. म्हणजे वाद जिथल्या तिथे.

संपादक

चर्चा चांगली चालली आहे. पैसे लावून खेळायच्या कोणत्याही साइटचे दुवे देऊ नयेत. एक प्रतिसाद काढला आहे.

गणितवेडा

आकड्यांवर येऊ. २००९ मध्ये सिजिटल या कंपनीने पोकरस्टार्स या ऑनलाइन साइटवरचे सुमारे १० कोटी ३० लाख डाव तपासले. त्यातले ७५.७ टक्के डाव शोडाउनशिवाय संपले. म्हणजे शेवटी एकानेच पैज धरली, बाकीच्यांनी पत्ते टाकले, कोणाचे पत्ते भारी हे उघडच झालं नाही. आणि जे शोडाउनपर्यंत गेले, त्यांतल्याही जेमतेम अर्ध्यांत सर्वोत्तम पत्ते होऊ शकणारा खेळाडू जिंकला. उरलेल्यांत त्याने आधीच हात टाकला होता.

कडू_कारले

याला पुरावा म्हणतात? सत्ती-दुर्री आली म्हणून मी पत्ते टाकले. शोडाउन झालं नाही, बरोबर. पण मला टाकायला लावलं कोणी? पत्त्यांनीच ना? डाव शोडाउनशिवाय संपला याचा अर्थ शेवटची कृती माणसाची होती. कृतीमागे पत्तेच असतील तर ते कौशल्य कसं? यंत्रालासुद्धा "वाईट आलं की टाक" असं शिकवलं तर ७५ टक्के डाव शोडाउनशिवाय संपतील.

गणितवेडा

त्या आकड्याला एवढीच मर्यादा आहे, मान्य. मग दुसरा घ्या. स्टीव्हन लेविट आणि थॉमस माइल्स या शिकागोच्या प्राध्यापकांनी २०१० ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर ही स्पर्धामालिका तपासली. स्पर्धा सुरू होण्याआधीच्या कामगिरीवरून ७२० खेळाडू "तरबेज" म्हणून वेगळे काढले. आधी यादी, मग निकाल, हा क्रम महत्त्वाचा. त्या ७२० जणांना प्रवेश फीवर सरासरी ३० टक्क्यांहून जास्त परतावा मिळाला. बाकी सगळ्यांना उणे १५ टक्के. यंत्राच्या "वाईट आलं की टाक" ने ही दरी पडत नाही.

कडू_कारले

हा पुरावा ठीक आहे. यादी आधी केली, हे चांगलं केलं. पण ३० टक्के हा ७२० जणांचा मिळून परतावा आहे. मोठ्या स्पर्धांत बक्षिसं वरच्या काही जणांना जातात. त्या ७२० मधला मधोमधचा माणूस त्या उन्हाळ्यात कुठे होता, ते या सरासरीत दिसत नाही.

कोरा_कागद

मग क्रिस मनीमेकरचं काय? त्याचं नाव सगळीकडे येतं. अकाउंटंट होता ना?

किलवर_राणी

हो, टेनेसीचा. २००३. ऑनलाइन पात्रता स्पर्धेत ८६ डॉलर भरून वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, पोचला. ८३९ खेळाडूंमध्ये पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. पुढच्याच वर्षी खेळाडूंची संख्या २,५७६ झाली, २००६ मध्ये ८,७७३. "तो जिंकू शकतो तर मी का नाही", एवढ्यावर.

त्याच्या विजयात नशीब भरपूर होतं. पण शेवटच्या दोघांत आल्यावर सॅमी फार्हासारख्या मुरलेल्या खेळाडूला त्याने ज्या डावात ब्लफ करून पत्ते टाकायला लावले, तिथे त्याच्याकडे काहीच लागलेलं नव्हतं. पत्त्यांवर गेलं असतं तर तो डाव फार्हाचा. त्या एका हाताला नशीब म्हणायला मी तयार नाही.

बुद्धिबळ्या

स्पर्धा आणि रोख टेबल यांत नशिबाचं प्रमाण वेगळं असतं का? मी दोन्ही खेळलेलो नाही.

किलवर_राणी

खूपच वेगळं. रोख टेबलावर ब्लाइंड ठरलेले, चिप्स संपल्या की आणखी घ्या, वाटेल तेव्हा उठा. स्पर्धेत ब्लाइंड चढत जातात. शेवटी शेवटी प्रत्येकाकडे इतक्या कमी ब्लाइंडच्या चिप्स असतात की निर्णय दोनच, ऑल-इन किंवा फोल्ड, म्हणजे पत्ते टाकणं. खोल, म्हणजे भरपूर, चिप्स असताना एका डावात पाच-सहा निर्णय येतात, तिथे चांगला खेळाडू थोडं थोडं कमावत जातो. चिप्स उथळ झाल्या की एक्का-राजा विरुद्ध राण्यांची जोडी असे डाव येतात. राण्यांना साधारण ५५ टक्के, दुसऱ्याला ४५. स्पर्धा जिंकायची तर असे डाव ओळीने जिंकावे लागतात.

त्यामुळे एका स्पर्धेच्या विजेत्याबद्दल मी काहीच मत बनवत नाही.

गणितवेडा

एकच स्पर्धा नको, मग हे बघा. जॉनी चॅन. १९८७ ला मेन इव्हेंट जिंकला, १९८८ ला परत जिंकला, १९८९ ला दुसरा आला. तेव्हा खेळाडू १५२, १६७ आणि १७८ होते. नुसत्या नशिबाने ठरलेल्या एका माणसाने पहिली दोन वर्षं जिंकण्याची शक्यता २५ हजारांत एक. तिसऱ्या वर्षी पहिल्या दोघांत येणंही धरलं तर बावीस लाखांत एकच्या पलीकडे.

कडू_कारले

तुम्ही चॅन निवडला कारण तो जिंकला. १०२४ जणांनी दहा वेळा नाणं उडवलं तर सरासरी एकाचा दहाही वेळा छापा येतो. मग त्याची मुलाखत घ्यायची आणि विचारायचं, तुमच्या अंगठ्याचं रहस्य काय. आणि १९८८ नंतर लागोपाठ दोनदा मेन इव्हेंट कोणी जिंकला? कोणीच नाही.

गणितवेडा

खेळाडू १६७ वरून दहा हजारांवर गेले की दुसरं काय होणार. २०२४ मध्ये १०,११२ होते. एखादा खेळाडू सरासरीपेक्षा पाचपट भारी असला तरी त्याची शक्यता दोन हजारांत एक.

छोट्या मैदानात बघा. ५० हजार डॉलर प्रवेश फी असलेली पोकर प्लेअर्स चॅम्पियनशिप घ्या. त्यात एकाच प्रकारचा पोकर नसतो, वेगवेगळे प्रकार आळीपाळीने खेळतात. खेळाडू शंभराच्या आसपास आणि बहुतेक सगळे व्यावसायिक. मायकल मिझ्राकी ती २०१०, २०१२, २०१८ आणि २०२५ मध्ये जिंकला. २०२५ च्या त्याच उन्हाळ्यात त्याने मेन इव्हेंटही मारला. तिथे ९,७३५ जण होते.

कडू_कारले

मिझ्राकी कठीण आहे. त्याला काही उत्तर सुचलं तर सांगतो.

अर्धविराम

दश्शी-दुर्रीची गोष्ट कोणी सांगितली नाही अजून? डॉयल ब्रन्सन १९७६ आणि १९७७ ला मेन इव्हेंट लागोपाठ जिंकला आणि दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी-दुर्री. तेव्हापासून त्या हाताला त्याचंच नाव पडलं. दोन्ही वेळा फुल हाउस (तीन एकसारखे आणि एक जोडी)! याला नशीब नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

किलवर_राणी

तीच गोष्ट नीट पाहिली तर मजा आहे. १९७६ ला समोर जेसी ऑल्टो, त्याच्याकडे एक्का-गुलाम. फ्लॉप एक्का, गुलाम, दश्शी. टर्नला दुर्री. म्हणजे ब्रन्सनची दश्शी-दुर्रीची दोन जोडी, ऑल्टोची एक्के-गुलामांची. ब्रन्सन सपशेल मागे. न दिसलेल्या ४४ पत्त्यांत त्याला वाचवणारे चारच, दोन दश्श्या आणि दोन दुर्र्या. अकरांत एक. रिव्हरला दश्शी आली.

१९७७ ला समोर गॅरी बर्लंड, हातात अठ्ठी-पंजी. फ्लॉप दश्शी, अठ्ठी, पंजी. टर्नला पुन्हा दुर्री. आता दश्शी-दुर्री ही अठ्ठी-पंजीपेक्षा भारी, ब्रन्सन पुढे. रिव्हरला दश्शी आली, पण ती नसती आली तरी बहुतेक वेळा तोच जिंकला असता.

ऐकणाऱ्याला दोन्ही चमत्कार सारखेच वाटतात. तेच पत्ते, तोच फुल हाउस. पहिल्यात रिव्हरने विजेता बदलला, दुसऱ्यात फक्त शोभा वाढवली. निकालावरून नशीब मोजायला गेलं की हे दोन डाव वेगळे करताच येत नाहीत.

मुक्तछंद

धागा माझ्या अपेक्षेबाहेर गेला, सगळ्यांचे आभार. किलवर_राणी, तुमच्या या प्रतिसादावरूनच प्रश्न पडला. निकालावरून कळत नाही, लाख डाव माझ्याकडे नाहीत. मग मी सुधारतोय की नुसता लकी आहे, हे मला कसं कळणार?

किलवर_राणी

हीच पोकरमधली खरी अडचण आहे आणि याबद्दल कमी बोललं जातं. दुसऱ्या बहुतेक गोष्टी शिकताना चूक केली की फटका बसतो आणि माणूस शिकतो. इथे चुकीचा कॉल पाचांत एकदा घसघशीत पैसे देतो आणि बरोबर फोल्ड काहीच देत नाही, वर पुढचा पत्ता बदाम निघाला तर हळहळ देतो. पत्ते तुम्हाला चुकीचं शिकवत असतात. निकालावरून निर्णयाची किंमत करण्याच्या या खोडीला खेळाडू रिझल्टिंग म्हणतात, आणि ती वर्षानुवर्षं खेळलेल्यांतही असते.

त्यातून टिल्ट येतो. एक्के मोडले, पारा चढला, पुढचे वीस डाव रागात खेळले. नुकसान एक्क्यांनी थोडं केलं आणि त्या वीस डावांनी जास्त. चांगल्या खेळाडूंचे एक्के कमी मोडतात असं नाही. मोडल्यानंतरच्या तासात ते काय करतात तिथे फरक आहे. हातातल्या पैशाच्या मानाने किती मोठ्या टेबलावर बसायचं, कधी उठायचं, आणि आपल्यापेक्षा भारी लोकांच्या टेबलावर बसायचंच नाही, हेही कौशल्यच. जगातला दहाव्या क्रमांकाचा खेळाडू रोज वरच्या नवांबरोबर बसला तर कंगाल होईल.

गणितवेडा

शिवाय रेक. प्रत्येक पॉटमधून खेळ चालवणारा आपला वाटा काढतो. सगळे सारखेच तरबेज असतील तर सगळेच हळूहळू हरतात. थोडंसं चांगलं असून भागत नाही, रेक भरून वर उरेल इतकं चांगलं असावं लागतं.

मुक्तछंद, तुमच्या प्रश्नाला एक अर्धं उत्तर आहे. ऑल-इन झालेल्या डावांत निकालाऐवजी अपेक्षित मूल्य लिहा. एक्के विरुद्ध राजे, २०० चा पॉट: जिंकलात काय, हरलात काय, वहीत १६४. पुढच्या पत्त्यांचं नशीब तेवढं गळून पडतं.

कडू_कारले

तेवढंच गळतं. तुम्हाला एक्के आणि त्याला राजे त्याच डावात आले, हे नशीब कुठे गळलं? कोणीही ते दोन हात धरून बसलं असतं तरी पैसे मध्ये गेलेच असते. तुमच्या वहीत १६४ लागले, त्यात तुमचं काय?

गणितवेडा

बरोबर पकडलंत. संगणकवाल्यांना हीच अडचण होती. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्राटस हा पोकर खेळणारा प्रोग्राम चार व्यावसायिकांशी एकास एक १,२०,००० डाव खेळला. नशीब कापायला त्यांनी डावांचे आरसे केले. एका खेळाडूला जे पत्ते आले तेच त्याच्या जोडीदाराविरुद्ध दुसऱ्या खोलीत लिब्राटसला. म्हणजे इथे माणसाला एक्के आणि यंत्राला राजे, तर तिथे नेमकं उलट. लिब्राटस १७,६६,२५० चिप्सनी पुढे राहिला.

२०१९ चा प्लुरिबस सहा जणांच्या टेबलावर खेळला, तिथे आरसा जमत नाही. त्याचे पाच व्यावसायिकांबरोबरचे डाव होते १०,०००. वरच्या माझ्या हिशेबाने एवढ्या डावांत दर शंभरामागे ९ बिग ब्लाइंड इकडे-तिकडे होणं साधी गोष्ट, आणि त्याची कमाई निघाली सुमारे ५. नुसत्या चिप्स मोजून काहीच सिद्ध झालं नसतं. त्यांनी आयव्हॅट नावाची पद्धत वापरली. त्या जागी दुसरे पत्ते आले असते तर यंत्राने काय केलं असतं, हे यंत्राला विचारता येतं. मग चांगल्या पत्त्यांचा फायदा हिशेबातून वजा होतो. ९ ची अनिश्चितता अडीचवर आली.

कडू_कारले

आणि माणसाला हे विचारता येत नाही. मला सत्ती-दुर्रीऐवजी राण्या आल्या असत्या तर मी काय केलं असतं, ते मी सांगेन ते खोटंच असणार.

मुक्तछंद

मग माझ्यासारख्याने काय करायचं?

किलवर_राणी

निर्णयाच्या क्षणी लिहा. पत्ते उघडण्याआधी. समोरच्याकडे काय काय असू शकतं आणि आपली जिंकायची शक्यता किती वाटते, एवढंच. नंतर निवांत बसून गणकावर तपासा. ३५ म्हणालात आणि निघाले १९, असं परत परत होत असेल तर चिप्स वाढत असल्या तरी खेळ कच्चा आहे. फोल्ड केलेले डावही लिहा, लोक तेच सोडतात. एक्के विरुद्ध राजे असे डाव मात्र वहीत घेऊच नका, त्यात ठरवायला काही नसतं.

कडू_कारले

ही वही मी ठेवून बघणार आहे. फक्त खोट्या चिप्सवर.